सुळा की स्क्रू?

माझी पुतणी सोनू यंदा नववीत गेली. वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारी जे बारके दात असतात, ते तिला दोन्ही बाजूंना आलेले नाहीत आणि येणारही नाहीत. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला, त्यात त्या जागी कोंबच दिसत नाही. शंभरात एक-दोन जणांच्या तोंडात हा दात जन्मतःच नसतो. तारा लावणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला त्यात नवल काही नाही.

नवल होतं ते वहिनींच्या तयारीचं. वहिनी बँकेत कर्जविभागात आहेत. दुसऱ्याच्या प्रस्तावात तारण कुठे कच्चं आहे हे हुडकण्यात त्यांची हयात गेली. शिवाय त्यांचाही डावीकडचा तोच दात जन्मापासून नाही. लग्न ठरवायच्या सुमारास फट बुजवायची म्हणून त्यांचे शेजारचे दोन धडधाकट दात घासून तीन दातांचा ब्रिज बसवला गेला. तेव्हा या विषयात त्या माझ्याइतक्याच जाणकार, फक्त खुर्चीत आडवं पडून झालेल्या. त्यांचं मत पक्कं होतं : तारा लावून फटी नीट उघडाव्यात आणि दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेल्या स्क्रूवरचे दात, बसवून मोकळं व्हावं. माझं म्हणणं : सुळे पुढे ओढून फटी बंद कराव्यात, आणि ते नको असेल तर निदान दहा वर्षं इम्प्लांटचं नाव काढू नये.

रविवारी ताटं उचलायच्या आधीच सुरुवात झाली. लिहिणारा मी असल्यामुळे माझी वाक्यं जरा जास्त सुबक उतरली असतील. वाचताना तेवढं माप वहिनींच्या पारड्यात टाकावं.

वहिनी : भाऊजी, परवा एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. ते म्हणाले, सोळाव्या वर्षी इम्प्लांट बसवून देतो. तुम्ही म्हणता पंचविशीपर्यंत थांबा. एवढा फरक? आमच्याकडे व्याजात पाव टक्का इकडेतिकडे झाला तर वरून विचारणा होते.

मी : सोळाव्या वर्षी बसवता येतो, वहिनी. बसतो पण छान. फोटोही छान येतो. विसाव्या वर्षी तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो.

वहिनी : दात झिजतो का?

मी : झिजत नाही. आपल्या दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं पातळ अस्तर असतं. जबडा वाढतो तसा दात हाडासकट खाली उतरत जातो. इम्प्लांटला ते अस्तरच नाही. टायटॅनियमला हाड थेट धरतं, तीच त्याची ताकद. पण म्हणून तो जिथे बसवला तिथेच राहतो. वारीत सगळे चालत असताना एक जण वाटेत उभा राहिला, तर दिंडी पुढे जाते आणि तो मागे पडत जातो, तसं. शेजारचे दात उतरतात, हिरडी त्यांच्याबरोबर उतरते, आणि मधला वर अडकून राहतो.

वहिनी : मग वाढ थांबल्यावर बसवा! सोनूची उंची गेल्या वर्षात बोटभरही वाढलेली नाही.

मी : उंची थांबली म्हणजे जबडा थांबला असं नाही. आम्ही बाजूने डोक्याचा एक्स-रे काढतो, वर्षाने दुसरा काढतो आणि एकावर एक ठेवून पाहतो. काहीच फरक नसेल तर वाढ थांबली म्हणायचं. मुलींमध्ये सतरा-अठराच्या आधी हे क्वचित जमतं, मुलग्यांमध्ये विशी ओलांडावी लागते. आणि त्यानंतरही खेळ पूर्ण संपत नाही. जिनिव्हातल्या डॉक्टरांनी २००४ साली दोन गट तपासले. एक कोवळ्या वयाचा, दुसरा चाळिशी-पन्नाशीचा. दोन्ही गटांत इम्प्लांटशेजारचे दात खाली सरकलेले होते. कुणाचे नखाइतके, कुणाचे दीड मिलिमीटरहूनही जास्त.

वहिनी : म्हणजे चाळिशीतही सरकतात? मग तुमच्या पंचविशीला अर्थ काय उरला?

इथे मी पाणी प्यायलो. प्रश्न बिनतोड होता. खरं उत्तर असं, की पंचविशीत धोका संपत नाही, कमी होतो. सर्वांत वेगाची वाढ मागे पडलेली असते. आमच्या व्यवसायात अठरा हा आकडा शिक्क्यासारखा वापरला जातो, मतदार यादीत नाव आलं की इम्प्लांटला मोकळीक. त्यामागे जबड्यापेक्षा सोय जास्त आहे.

वहिनी : आता माझं ऐका. मीही वाचलंय. ते स्वीडनचे ब्रोनमार्क, सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली आणि ती निघेचना.

मी : १९५२ साली. बघायला गेले होते हाडातला रक्तप्रवाह.

वहिनी : हो. आणि १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले. गोस्टा लार्सन नाव. त्यालाही दात जन्मतःच नव्हते, जबड्यात व्यंग होतं. तो २००६ साली वारला तेव्हाही इम्प्लांट तोंडात शाबूत! चाळीस वर्षं. माझा ब्रिज त्याहून कमी वर्षांत दोनदा बदलून झाला. तुम्हाला याहून चांगलं तारण कुठलं हवंय?

मी : लार्सन इम्प्लांटच्या वेळी चौतीस वर्षांचे होते, वहिनी. दात बसवले खालच्या जबड्यात. शेजारी सरकायला स्वतःचा दातच नव्हता. त्यांना घास चावायचा होता. सोनूला घास चावता येतो; तिला वरच्या ओळीत, ओठाखाली, चारचौघांसमोर दिसायचंय. कर्जदार निराळा आहे.

वहिनी हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "पुढे बोला."

मी : आणि गंमत अशी की इम्प्लांटला आवर घालणारं कामही त्याच गोथेनबर्गमधून आलं. बिर्गिट थिलांडर म्हणून प्राध्यापिका होत्या. त्यांच्या गटाने आधी वाढत्या डुकरांच्या जबड्यात इम्प्लांट बसवून पाहिले. मग किशोरवयीन मुलांना बसवून दहा वर्षं पाठपुरावा केला आणि २००१ साली छापलं. स्क्रू टिकला, हाड टिकलं, आणि पुढचे दात आखूड दिसू लागले. स्क्रू किती वर्षं टिकतो हा प्रश्न जवळजवळ सुटलाय. तो शोभतो किती वर्षं, हा सुटलेला नाही.

वहिनी : बरं. आता तुमच्या सुळ्याचं सांगा. पुढच्या दोन दातांना लागून सुळे! माझी पोरगी हसली की रामलीलेतली राक्षसीण दिसायची.

हा आक्षेप मला नवा नाही, पण वहिनींचा आवाज खरा होता. सुळा आणि तो बारका दात यांत फरक मोठा. सुळा टोकदार, पुढून फुगीर, रंगाने पिवळट, आणि त्याची हिरडी वर चढलेली असते. नुसता ओढून शेजारी उभा केला तर वहिनी म्हणतात तसंच दिसतं, आणि एके काळी तारावाल्यांनी तसंच करून ठेवलंय. जुन्या कामांमुळेच या पद्धतीचं नाव खराब झालं.

मी : आता तसं करत नाहीत. ऑस्लोचे झाक्रिसन यांनी ते बसवून दिलं. सुळा ओढताना थोडा खाली घ्यायचा, म्हणजे त्याची हिरडी बारक्या दाताच्या पातळीला येते. त्याच्या मागची पहिली उपदाढ वर दाबायची, म्हणजे तिची हिरडी सुळ्यासारखी उंच दिसते. मग त्या उपदाढेला खालून थोडी भर घालून लांब करायची. सुळ्याचं टोक घासायचं, कडेला दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावून कोपरे चौकोनी करायचे. रंग फारच पिवळा असेल तर तेवढ्या दाताला ब्लीचिंग.

वहिनी : घासायचं.

मी : टोकाशी, वरच्या कवचातलं.

वहिनी : भाऊजी, माझ्या वेळीही "थोडंसंच" म्हणाले होते. त्या दोन दातांना काही झालेलं नव्हतं. कीड नाही, दुखणं नाही. नुसते शेजारी होते म्हणून मारले गेले. आज त्यातल्या एकाचं रूट कॅनाल झालंय, दुसऱ्याला गार लागलं की कळ मस्तकात जाते. आरशात हिरडीशी काळी रेघ दिसते. मी इम्प्लांट मागते ते हौसेने नाही. इम्प्लांट कुठल्या शेजाऱ्याला हात लावत नाही, म्हणून मागते.

यावर मी पटकन काही बोललो नाही. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप बसवायची तर दात चहूबाजूंनी दीड मिलिमीटरच्या आसपास घासावा लागतो. सुळ्याचं टोक गोल करणं त्याच्या पासंगालाही लागत नाही. हे खरं आहे, आणि वहिनींच्या तोंडात पंचवीस वर्षांपूर्वी जे झालं त्यावर ते उत्तर नाही, हेही खरं आहे. त्या काळी त्यांच्यासमोर ब्रिज आणि काढता-घालता दात एवढेच दोन पर्याय ठेवले गेले. फट तशीच ठेवता येते हा तिसरा पर्याय कुणी काढलाच नाही, कारण पाहुणे बघायला यायचे होते.

मी : तुमचा राग मान्य. पण घासण्यात आणि घासण्यात फरक आहे. आणि बंद केलेली फट म्हणजे काय, ते बघा. तिथे तिचाच दात, तिचंच मूळ, तिचीच हिरडी. जबडा वाढला, ती म्हातारी झाली, तरी सगळे एकत्र खाली येणार. स्क्रू सैल होणं नाही, कॅप बदलणं नाही. कॉम्पोझिटला अधूनमधून डागडुजी लागेल, ती अर्ध्या तासाची. स्वीडनमध्ये २००० साली हाच दात नसलेल्यांची पाहणी झाली. काहींच्या फटी बंद केलेल्या, काहींना कृत्रिम दात. फट बंद केलेले लोक आपल्या दातांवर जास्त खूश होते, त्यांच्या हिरड्याही जास्त चांगल्या होत्या. जबड्याच्या सांध्यात दोन्हीकडे फरक नव्हता.

वहिनी : कृत्रिम दात म्हणजे इम्प्लांट का?

मी : नाही. बहुतेक ब्रिज.

वहिनी : म्हणजे माझ्यासारख्यांची तुलना केली. ब्रिजवाले नाखूश असणारच, ते मी फुकट सांगितलं असतं! इम्प्लांटवाल्यांना विचारलंच नाही, आणि निकाल इम्प्लांटविरुद्ध?

गुण वहिनींना. हा अभ्यास आम्ही तारावाले सभा-संमेलनांत उठसूट दाखवतो, आणि त्यातल्या दुसऱ्या गटात नेमकं काय बसवलं होतं हे सांगायला विसरतो.

मी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं प्लास्टरचं मॉडेल काढलं. सोनूच्या वरच्या जबड्याचं. वहिनींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि सोनूच्या कंपासपेटीतला डिव्हायडर मागवला. डिव्हायडरचं एक टोक मोठ्या दाताला, दुसरं सुळ्याला लावून त्यांनी फट मापली आणि पट्टीवर ठेवली. डावीकडे ४ मिलिमीटर, उजवीकडे ३ आणि थोडं. सुळे आपसूक पुढे सरकून आले होते.

वहिनी : आणि लागते किती?

मी : नेहमीच्या वापरातला सर्वांत बारीक इम्प्लांट ३ ते सव्वातीन मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना शेजारच्या मुळापर्यंत दीड-दीड मिलिमीटर हाड सुटलं पाहिजे. म्हणजे ६ हून थोडं जास्त. पण ही तुमची मोजणी वर झाली. मुळांपाशी डिव्हायडर पोचत नाही. आता ओपीजी बघा.

फोनवर ओपीजी मोठा करून दाखवला. सुळ्याचं मूळ मोठ्या दाताच्या मुळाकडे झुकलेलं, दोघं वर डोकं जोडून बसल्यासारखे.

मी : तारांनी दिसणारी फट उघडणं सोपं. मुळं एकमेकांपासून सरळ लांब नेणं वेळखाऊ. आणि नेली तरी ती परत येतात. सिएटलचे कोकिच, ते तर इम्प्लांटसाठी जागा कशी करावी यावर बरंच लिहिणारे. त्यांच्याच २०१० च्या पाहणीत तारा काढल्यानंतर साधारण दर नऊ जणांत एकाची मुळं इतकी परत जवळ आली, की इम्प्लांट बसेना.

वहिनी : थांबा, थांबा. म्हणजे तारा काढल्या की लगेच इम्प्लांट बसवायला हवा, नाहीतर मुळं परत येतात. आणि लगेच बसवायचा नाही, कारण वाढ व्हायचीय. तुमच्या दोन्ही अटी एकमेकींचं तंगडं ओढतायत.

मी : ओढतायतच. म्हणूनच चौदाव्या वर्षी फट उघडायला मी नको म्हणतो. बंद करायची तर हेच वय. उघडायची तर अजून थांबलेलं बरं.

वहिनी : हे आधी सांगायचं!

हे आधी सांगायला हवं होतं, खरं आहे. या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. निर्णय आज घ्यायचा, कारण दात आत्ता हलतात. त्याचा परिणाम मात्र पन्नाशीतल्या बाईच्या हसण्यात दिसणार, आणि ती बाई आज टेबलाशी नाही.

मी : अजून एक गोष्ट आहे, ती क्लिनिकने सांगितली नसेल. जिथे दात कधी उगवलाच नाही तिथे हाडही पुरतं भरत नाही. फट उघडली की मधलं हाड अरुंद असतं, वर्षं जातील तसं आणखी रोडावतं. मग इम्प्लांटच्या वेळी बऱ्याचदा हाडाची भुकटी भरावी लागते.

वहिनी : कसली भुकटी?

मी : जास्त करून वापरतात ती गाईगुरांच्या हाडाची. प्रक्रिया करून आतलं सगळं काढून टाकतात, उरतं ते नुसतं खनिज.

वहिनींनी मान वळवून देवघराकडे पाहिलं. आई तिथे हरिपाठाचं पुस्तक घेऊन बसली होती. गळ्यात माळ.

वहिनी : (आवाज उतरवून) हे पेशंटला सांगतात?

मी : संमतीपत्रात असतं. इंग्रजीत. जैन पेशंट स्वतःहून विचारतात, त्यांना कृत्रिम भुकटीचा पर्याय देतात, किंवा जबड्यातूनच दुसरीकडचं हाड काढून घेतात. बाकी कुणी विचारत नाही.

वहिनी : विचारायला आधी माहीत तर पाहिजे.

तेही खरं. कुणाला ते चालेल, कुणाला नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण भुकटीची बाटली ट्रेवर येण्याआधी पेशंटला त्याच्या भाषेत सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग वहिनींनी मला वाटलं नव्हतं तिथून सुरुवात केली.

वहिनी : तुम्ही दहा वर्षं, दहा वर्षं म्हणता. मुदत ठेवीसारखं. ती दहा वर्षं कोणती, ते बघा. दहावी, कॉलेज, मैत्रिणी, पहिली नोकरी. माझा कॉलेजचा ग्रुप फोटो आहे. सगळ्या हसतायत, मी ओठ मिटून. नाटकात काम करायचं होतं, नाही केलं. "स" म्हणताना हवा जायची. तुम्ही मिलिमीटर मोजता, ते मोजा. पण पस्तिशीत एक दात मिलिमीटरभर वर गेला तर तेव्हाची सोनू काय ते बघून घेईल, तिच्या हातात पगार असेल. आजच्या सोनूच्या हातात काय आहे? हात तोंडावर ठेवून हसते ती.

मला हे दिसलं नव्हतं. दर रविवारी जेवायला जातो, पण ती माझ्यासमोर तोंड उघडते ते खुर्चीत, आरसा घालायला.

मी : दात नसताना दहा वर्षं काढ, असं मी म्हणतच नाही. फट उघडायचीच ठरली तर मध्ये चिकटवलेला दात बसवू. मेरीलँड ब्रिज म्हणतात. मेरीलँड विद्यापीठात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. आता झिर्कोनियाचा करतात, एकाच पंखाचा. मागच्या बाजूने मोठ्या दाताला पंख चिकटवायचा, घासणं जवळजवळ शून्य. पुढून काही दिसत नाही.

वहिनी : चिकटवलेला! लग्नात पुरणपोळी खाताना ताटात पडला म्हणजे?

मी : पडला तर धुऊन परत चिकटवतो. पण जर्मनीत कीलचे केर्न यांनी असे दात बसवून दहा वर्षं पाहिलं. अठ्ठ्याण्णव टक्के दात तोंडातच होते.

वहिनी : एक पंख? दोन्ही बाजूंना लावला तर जास्त पक्का नाही का?

मी : सगळ्यांना तसंच वाटतं. दोन दात चावताना आपापल्या दिशेने हलतात, मग एका बाजूचा पंख सुटतो आणि दुसऱ्याच्या जोरावर लटकून राहतो. सुटलेल्या पंखाखाली अन्न जातं, कीड लागते, कळत नाही. एकच पंख असला तर सुटला की सुटला, लगेच कळतं.

वहिनी : मग दहा वर्षं एवढा चांगला टिकत असेल तर पुढे इम्प्लांट कशाला? तोच ठेवायचा.

हे मी बोलायला हवं होतं. इम्प्लांटची बाजू लढवायला बसलेल्या वहिनींनी ते बोलून टाकलं आणि स्वतःच जराशा चपापल्या.

मी : ठेवा की! पुढे वाटलं तर इम्प्लांट, नाहीतर पुन्हा हाच. हा दात उद्याची वाट बंद करत नाही.

वहिनी : आणि जपानमध्ये दात उगवायचं औषध आलंय म्हणे. आमच्या ग्रुपवर होतं.

मी : आलं नाही, चाचणी सुरू झालीय. २०२४ साली क्योटोत. दात उगवायला अडवणारं एक प्रथिन असतं, त्याला रोखणारं औषध. आधी मोठ्या वयाच्या पुरुषांवर, तेही औषध सुरक्षित आहे का एवढंच पाहायला. पुढे ज्यांना जन्मतःच बरेच दात नाहीत अशा मुलांसाठी न्यायचा त्यांचा विचार आहे. सोनूच्या नावाने त्यावर काही उचलू नका.

वहिनी : उचलत नाही. आणि खर्च? दोन इम्प्लांट, वरच्या कॅपा, लाखाला टेकतंय. मेडिक्लेम अपघात असल्याशिवाय दाताला पैसा देत नाही, ते मला ठाऊक आहे.

मी : सुळे पुढे आणायचे तर तारांचा खर्च, आणि वर कॉम्पोझिट. तारांचे पैसे मी घेणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

वहिनी : म्हणूनच तुमच्या सल्ल्याला घरचा म्हणून दोन टक्के सूट देते.

मग त्यांनी मॉडेल टेबलावर ठेवलं आणि जरा चाचरत विचारलं,

वहिनी : एक विचारू? हे माझ्यामुळेच ना? सासूबाई म्हणतात, गरोदरपणात मी दूध प्यायले नाही.

मी : दुधाचा काही संबंध नाही. कोंब धरायचा की नाही हे जनुकांवर ठरतं. एमएसएक्स-वन, पॅक्स-नाइन, डब्ल्यूएनटी-टेनए अशी त्यांची नावं. कॅल्शियम लागतं ते पुढे, कोंब धरल्यावर. तुमच्याकडून आलं असेल, हो. तुमच्याकडे कुणाकडून तरी आलं. एका घरात एकाचा दात नसतो, दुसऱ्याचा नुसता खुंटीसारखा बारीक येतो, तिसऱ्याचे दोन्ही नसतात.

वहिनी : माझ्या मामाचा असाच खुंटी दात आहे.

मी : बघा.

आईने देवघरातून विचारलं, "काय रे, दुधाचं काय म्हणालास?" वहिनींनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

तेवढ्यात सोनू क्लासला निघाली होती, तिला हाक मारून बसवलं. दोन्ही बाजू थोडक्यात सांगितल्या. तिने तीन प्रश्न विचारले. तारा किती वर्षं? सुळे पुढे आणायचे तर दोन वर्षं, थोडं वर. उघडायचं तर थोडं कमी. मग दहावीच्या निरोप समारंभाला तारा असणार का? दोन्हीकडे असणार. तारा लावल्या की लगेच फटी दिसेनाशा होतात का? उघडायचं ठरलं तर जागा होईल तसा तारेलाच खोटा दात अडकवता येतो, महिन्या-दोन महिन्यांत; बंद करायचं ठरलं तर फट हळूहळू मिटते. तिने मान हलवली. तिसऱ्या उत्तराने तिच्या लेखी निकाल लागलेला दिसत होता, आणि तो माझ्या बाजूने नव्हता. चपला घालून ती गेली.

माझं मत त्यानंतरही तेच राहिलं. सोनूचे वरचे दात किंचित पुढे आहेत. सुळे पुढे आणून फटी मिटवताना ते मागे घेता येतात, एका कामात दोन कामं. वहिनींचं मत मात्र सरकलं होतं, फक्त माझ्याकडे नाही. त्यांना आता चिकटवलेला दात पटला होता.

मी : असं करू. लॅबमध्ये मॉडेलच्या दोन प्रती काढतो. दात करवतीने सुटे करून मेणात परत मांडतात. एकीत सुळे पुढे, एकीत फट उघडून मध्ये मेणाचा दात. दोन्ही शेजारी ठेवून सोनूला दाखवू.

वहिनी : चालेल. पण सुळ्याला रंग लावून दाखवा. पांढऱ्या प्लास्टरमध्ये सगळेच दात गोरे दिसतात.

सोमवारी लॅबला चिठ्ठी लिहिली : दोन सेट, आणि सुळ्यांची शेड ए-साडेतीन.